पॅलाडिनची शपथ: या चुका टाळा, नाहीतर वसा टाकायची वेळ येते

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळात पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, तिसऱ्या लेव्हलला पोचला की शपथ घेतो. आमच्या पुण्यातल्या टेबलावर हा पवित्र क्षण साधारण असा येतो: रविवारची दुपार, चहाचा दुसरा राउंड, मध्ये भडंगाचं पातेलं. प्लेअर पुस्तकाची पानं उलटतो आणि म्हणतो, "वेंजन्सची, म्हणजे सूडाची, शपथ घेतो. अटॅकला ॲडव्हान्टेज मिळतो." डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, मी. मी मान डोलावतो आणि आम्ही पुढच्या गुहेत शिरतो. दोन महिन्यांनी त्याच शपथेवरून पाऊण तास वाद होतो आणि उरलेलं सेशन वाया जातं.

असे वाद मी बरेच पाहिलेत, आणि त्यातले निम्मे माझ्याच हलगर्जीपणामुळे झालेत. फायटर, म्हणजे साधा लढवय्या, खोटं बोलला तर त्याची तलवार बोथट होत नाही. पॅलाडिनचं सगळं बळच दिलेल्या शब्दावर उभं असतं, त्यामुळे शब्द कच्चा राहिला की सगळ्या टेबलाला त्रास.

जुनं पुस्तक डोक्यात, नवं पुस्तक हातात

पॅलाडिन पहिल्यांदा आला 1975 च्या ग्रेहॉक पुरवणीत. 1978 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये त्याचं सोवळं फारच कडक झालं: तो माणूसच हवा, करिझ्मा (छाप पाडण्याची ताकद) किमान 17 हवा, अलाइनमेंट, म्हणजे नीतीचा कल, कायम लॉफुल गुड (नियम पाळणारा सज्जन). जादूच्या वस्तू दहाच बाळगायच्या, मिळकतीतला दहावा हिस्सा दान करायचा. जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की पॅलाडिनपण गेलं ते कायमचं. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीतही लॉफुल गुडची अट होतीच, शिवाय दुष्ट माणसांची संगत जाणूनबुजून करायची नाही, हेही होतं. 2008 मध्ये चौथ्या आवृत्तीनं हे बरंच सैल केलं, आणि 2014 च्या पाचव्या आवृत्तीत अलाइनमेंटची अट उरलीच नाही. तिथं पॅलाडिनला बांधते ती त्याची शपथ. बळ देवाकडून येतं तितकंच न्यायावरच्या निष्ठेतूनही येतं, असं पुस्तकच सांगतं.

पण खेळणाऱ्यांच्या डोक्यात जुना पॅलाडिन घट्ट बसलाय, ज्यांनी 1978 चं पुस्तक कधी पाहिलंही नाही त्यांच्यासुद्धा. 2017 मध्ये आलेली कॉन्क्वेस्टची (विजयाची) शपथ सरळ सांगते की शत्रूच्या मनातली आशा विझवून टाक. ही शपथ घेतलेल्या पॅलाडिननं कैद्याला दरडावलं, आणि डीएम म्हणाला "पॅलाडिन असं वागत नाही", तर तो डीएम चार दशकं जुना नियम लावतोय. उपाय अगदी साधा आहे. त्या शपथेची कलमं प्लेअर आणि डीएम दोघांनी एकत्र बसून मोठ्यानं वाचायची. दहा मिनिटं लागतात.

"मी दुष्टांचा नाश करीन" ही शपथच नव्हे

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते.

2014 च्या पुस्तकातली कलमं मुद्दाम मोघम ठेवलेली आहेत. डिव्होशनची (भक्तीच्या शपथेची) घ्या: प्रामाणिकपणा, धैर्य, करुणा, सन्मान, कर्तव्य. ऐकायला छान, पण मंगळवारी रात्री नऊ वाजता एक गॉब्लिन शरण येतो तेव्हा यातलं नेमकं काय लागू होतं? प्लेअर म्हणतो करुणा, डीएम म्हणतो कर्तव्य, तिसरा फोन बघत बसतो.

शपथ कशी बांधावी, हे आपल्याकडच्या श्रावणातल्या कहाण्यांना पक्कं ठाऊक आहे. "उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस" एवढंच आपल्या लक्षात राहतं, पण कहाणी तिथं थांबत नाही. आदित्यराणूबाईच्या वशात श्रावणातल्या पहिल्या आदितवारी मौनानं उठायचं इथपासून सुताला किती गाठी द्यायच्या इथपर्यंत सगळं सांगितलंय. वसा कधी पुरा करायचा तेही सांगितलंय: माघातल्या रथसप्तमीला. वसा मोडला की नाही, यावर कहाणीत कोणीच वाद घालत नाही. वाद घालायला जागाच ठेवलेली नाही.

खऱ्या धर्मयोद्ध्यांचंही तसंच होतं. क्रुसेडच्या काळातल्या टेम्प्लर सरदारांच्या संघाला 1129 च्या फ्रान्समधल्या त्र्वा इथल्या धर्मसभेत नियमावली मिळाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन मोठी व्रतं होतीच, पण रोजचं जगणं बांधलं होतं ते बारीक नियमांनी: काय खायचं, काय नेसायचं, कधी गप्प बसायचं. रणात आपलं निशाण उभं असताना पळ काढला तर संघातून हकालपट्टी. बघा, "शूर राहा" असं म्हणून सोडून दिलेलं नाही. निशाण उभं होतं का, आणि तू पळालास का? दोन्ही प्रश्नांना हो किंवा नाही एवढंच उत्तर.

म्हणून आता मी प्लेअरला तीन वाक्यं लिहायला लावतो. पहिलं वाक्य: मी अमुक कधीही करणार नाही. दुसरं: अमुक दिसलं की मला थांबावंच लागेल. तिसरं: दर आठवड्याला किंवा दर मुक्कामावर मी अमुक करतो. हे तिसरं वाक्य लोकांना फालतू वाटतं, पण कॅरॅक्टर जिवंत होतं ते त्यानंच. एका प्लेअरनं लिहिलं होतं, "ज्याला मारलं त्याचं नाव विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही." लढाई संपल्यावर मेलेल्या डाकूंचं नाव विचारायला हा माणूस गावोगाव फिरायचा. अर्ध्या कॅम्पेनचं कथानक त्यातूनच निघालं, मला काही रचावंच लागलं नाही.

"निरपराधांचं रक्षण करीन" असं कोणी लिहिलं तर लगेच विचारा: निरपराध कोण ते ठरवायचं कोणी? उत्तर सापडेपर्यंत वाक्य बदलत राहा. "निःशस्त्र माणसावर शस्त्र उगारणार नाही" हे वाक्य कितीतरी बरं. हातात शस्त्र आहे की नाही ते दिसतं तरी.

स्वतःचं सोवळं दुसऱ्याला नेसवणं

आमच्या पार्टीतल्या चोरट्या रॉगनं एका सरदाराची थैली लांबवली. पॅलाडिननं तिला तिथंच, भर दरबारात, पकडून दिलं. "माझी शपथ आहे ना." पुढची चार सेशन्स दोन प्लेअर एकमेकांशी नीट बोलत नव्हते, तेही टेबलाबाहेर.

शपथ घेणाऱ्यालाच बांधते. घरात आजीला एकादशी असली म्हणून नातवाच्या ताटातली पोळी कोणी उचलत नाही. पॅलाडिननं रॉगला समजवावं, तिच्यावर चिडावं, स्वतःच्या थैलीतून त्या सरदाराची भरपाई करावी. यातून नाट्य उभं राहतं. दुसऱ्याचा खेळ बंद पाडणं म्हणजे नुसती दादागिरी. "माझं कॅरॅक्टर असंच वागेल" हे उत्तर मी आता ऐकून घेत नाही. मग असं न वागणारं कॅरॅक्टर कर बाबा.

कॉन्क्वेस्टचा पॅलाडिन आणि रिडेम्प्शनचा, म्हणजे शत्रूलाही सुधारू पाहणारा, पॅलाडिन एकाच पार्टीत असतील तर मात्र पहिल्या सेशनच्या आधीच बोलून घ्या. जमतं, पण दोघेही समजूतदार हवेत.

इकडे आड, तिकडे विहीर

ही चूक डीएमची. मुलाला वाचवलं तर गाव जळतं, गाव वाचवलं तर मूल मरतं, आणि काहीही निवडलं तरी "तुझी शपथ मोडली". डीएमला हे फार खोल वाटतं. प्लेअरला समजतं की आपल्याला सापळ्यात अडकवलंय, आणि तो पुढच्या वेळी शपथ-बिपथ नसलेला बार्बेरियन घेऊन येतो.

शपथ अडचणीत आणू नये, असं मी म्हणत नाही. आणावीच. पण वाट ठेवावी, आणि ती कशी ठेवावी याचं उत्तम उदाहरण महाभारताच्या कर्णपर्वात आहे. कर्णाकडून मार खाऊन युधिष्ठिर छावणीत पडलाय. अर्जुन भेटायला येतो, आणि कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर युधिष्ठिर संतापून त्याला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. अर्जुन तलवार उपसतो. कारण त्यानं मनात शपथ घेतलेली असते की गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन. आता समोर थोरला भाऊ. इथं कृष्ण आधी त्याला झापतो, आणि कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. लुटारूंनी विचारलं, लोक कुठं लपलेत? यानं खरं सांगितलं. माणसं मेली, आणि कौशिक नरकात गेला. डिव्होशनच्या "प्रामाणिकपणा" या कलमावर डोकं फोडणाऱ्यांनी ही गोष्ट आधी वाचावी.

मग कृष्ण वाट दाखवतो. थोरल्याचा अपमान म्हणजे त्याचा वधच. ज्याला एरवी "आपण" म्हणतोस, त्याला "तू" म्हण, झाली शपथ पुरी. अर्जुन युधिष्ठिराला अरेतुरे करतो, वाट्टेल तसं बोलतो, आणि नंतर त्याच पश्चात्तापानं पुन्हा तलवार उपसतो, या वेळी स्वतःवर. कृष्ण म्हणतो, स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या.

डीएमनं यातून दोन गोष्टी घ्याव्यात. शपथेचे शब्द पाळायला जागा निघाली, पण फुकट नाही: भावाशी तोंडाला येईल ते बोलावं लागलं आणि त्याची लाज वाटली. आणि वाट शोधायला शहाणं माणूस जवळ होतं. तुमच्या जगातही एक म्हातारा सरदार, एखादी मठातली बाई, कोणीतरी असं ठेवा, जिच्याकडे पॅलाडिन मध्यरात्री जाऊन विचारू शकेल.

उलट बाजूही आहे. दर वेळी "पण शपथेत तसं लिहिलं नाही" म्हणून निसटणारा प्लेअर भेटतो. त्याच्याशी वाद घालू नका. त्याची पळवाट मान्य करा, आणि गावात त्याची तशीच कीर्ती पसरू द्या. पुढच्या वेळी कोणी त्याच्या शब्दावर दार उघडणार नाही.

शपथ मोडली, आता?

बरेच जण इथं थेट ओथब्रेकरवर, म्हणजे शपथ मोडून दुष्ट झालेल्या पॅलाडिनवर, उडी मारतात. हा प्रकार 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहे, खलनायकांसाठीच्या भागात. काळ्या महत्त्वाकांक्षेपायी किंवा दुष्ट शक्तीच्या सेवेसाठी शपथ तुडवणाऱ्यासाठी तो आहे, आणि अलाइनमेंट दुष्ट असण्याची अट तिथं लिहिलेली आहे. रागाच्या भरात एका कैद्याला मारलं म्हणून कोणी ओथब्रेकर होत नाही. जाता जाता: ओथब्रेकरच्या द्वेषाच्या वलयामुळे जवळच्या सगळ्या अनडेड (चालती प्रेतं वगैरे) आणि फीन्ड्सच्या (सैतानी जीवांच्या) फटक्यांचा जोर वाढतो, शत्रूच्या बाजूचे असले तरी. हौसेनं घेणाऱ्यांना हे नंतर कळतं.

2014 च्या प्लेअर्स हँडबुकनं सांगितलेला रस्ता बराच माणुसकीचा आहे. चूक झाली तर पॅलाडिननं आपल्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) किंवा आपल्याच संघाच्या दुसऱ्या पॅलाडिनकडे जावं, रात्रभर जागून प्रार्थना करावी, उपास करावा, कबुली द्यावी, आणि नव्यानं सुरुवात करावी. जाणूनबुजून मोडली आणि पश्चात्तापही नाही, तरच डीएमनं मोठं पाऊल उचलायचं.

टेम्प्लर लोकांकडेही शिक्षा अशीच पायरीपायरीनं होती. मोठ्या अपराधाला एक वर्ष आणि एक दिवस अंगावरचा झगा काढून घ्यायचे आणि जमिनीवर बसून जेवायला लावायचे. हकालपट्टी त्याच्या वर. मी हेच टेबलावर आणलं. छोटी चूक झाली तर पॅलाडिनला रात्री झोप नीट लागत नाही, मी एखादं स्वप्न सांगतो, नियमांना हात लावत नाही. मोठी असेल तर प्रायश्चित्त होईपर्यंत चॅनल डिव्हिनिटी, म्हणजे पॅलाडिनची खास दैवी ताकद, मिळत नाही. लोकांना हात लावून बरं करणं मात्र मी कधीच काढून घेत नाही, कारण त्यात शिक्षा पार्टीतल्या जखमी विझर्डला होते.

आणि शिक्षा देण्याआधी एकदा विचारायचं: "तुझ्या शपथेवर हे येतंय. तरी करतोस?" हा एक प्रश्न विचारायला लागल्यापासून आमचे निम्मे वाद मिटले.

सुरुवातीला सांगितलेल्या वेंजन्सवाल्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. 2014 च्या पुस्तकात वेंजन्सची चार कलमं आहेत. मोठ्या दुष्टाशी आधी लढ, दुष्टाला दया नाही, वाटेल त्या मार्गानं: ही तीन सगळ्यांना पाठ असतात. चौथं कोणी वाचतच नाही. त्याचं नाव भरपाई. शत्रूनं जगाचं वाटोळं केलं, तर ते मी त्याला थांबवू शकलो नाही म्हणून. ज्यांचं नुकसान झालं त्यांना मी मदत केली पाहिजे. सूड घेण्याच्या नादात यानं एका गावाची पाणचक्की जाळली होती. वाद संपल्यावर मी त्याला ते चौथं कलम वाचायला दिलं. सध्या पार्टी दक्षिणेत ड्रॅगनच्या मागावर आहे, आणि हा त्या गावात थांबलाय. चक्कीचं जातं अजून मिळालेलं नाही, आणि पाटलीणबाई त्याला रोज पहाटे उठवून शेणगोठा करायला लावतात.