मदतीलाही वार लावावा: घरखर्च, बचत आणि देणे यांचा मेळ

एके काळी पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे दिवस निरनिराळ्या घरांत वाटलेले असत, आणि ज्या घरचा जो वार असेल त्या दिवशी तिथे त्याचे पान मांडलेले असे. ही घरे श्रीमंत असतच असे नाही. आठवड्यातून एका माणसाचे जेवण एवढा भार त्यांना पेलत असे, कारण तो आधीच ठरलेला होता आणि त्या दिवशीची कणीक त्याच हिशेबाने भिजवली जात होती. आजच्या पगारदार घराने मदतीचा विचार याच रीतीने करावा, असे मला मनापासून वाटते.

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण खरी आहे. परंतु महिनाअखेरीस उरेल ते साठवू आणि त्यातूनही उरले तर कोणाला देऊ, असे ठरवणाऱ्या घरात विठोबाची पाळी सहसा येत नाही. याच्या उलट, मन मोठे पण हिशेब नाही अशी घरेही मी जवळून पाहिली आहेत. गावाकडून फोन आला की तिथे हातात असेल ते पाठवले जाते, आणि पुढे मुलाच्या फीसाठी स्वतःच हात पसरण्याची वेळ येते. या दोन्ही घरांची अडचण एकच आहे: महिन्याच्या पहिल्या तारखेला पैशांना त्यांचा त्यांचा वार लावलेला नसतो.

पहिले काम लिहिण्याचे. किमान तीन महिने प्रत्येक खर्च लिहून ठेवावा. आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडण्याची पद्धत पूर्वीपासून होती; त्याच चौकटीत मी त्या दिवशीचा खर्च पेन्सिलीने एका आकड्यात लिहू लागले, आणि महिन्याच्या शेवटी तपशील वहीत उतरवू लागले. मोबाइलवरून क्षणात पैसे जातात, त्यामुळे खर्च झाल्याची जाणीव हाताला होत नाही. लिहिताना ती होते. तीन महिन्यांनंतर कळते की किराणा आणि भाजी यांत फारशी काटकसर शक्य नसते. गळती असते ती बाहेरून मागवलेल्या जेवणात, न वापरलेल्या वर्गण्यांमध्ये आणि हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंमध्ये.

त्यानंतर वर्षातून एकदा येणारे खर्च मांडावेत, कारण चांगले बसवलेले अंदाजपत्रक बहुधा इथेच कोलमडते. एक उदाहरण घेऊ. हातात महिना ६०,००० रुपये येणारे चौघांचे घर आहे. शाळेची फी आणि जूनमधील वह्या-पुस्तके ३४,०००, विम्याचे हप्ते २२,०००, दिवाळी १३,०००, लग्नकार्यांतील आहेर आणि गावी जाणे-येणे १०,०००, घरपट्टी ५,००० असे वर्षाचे ८४,००० रुपये होतात; म्हणजे महिन्याला ७,०००. ही रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकली की जून महिना अंगावर येत नाही. याशिवाय घरभाडे, किराणा, वीज, प्रवास, औषधे मिळून महिन्याचा नेहमीचा खर्च ३६,००० धरला, तर १७,००० रुपये उरतात. त्यांतले १२,००० बचतीला, ३,००० मदतीला आणि २,००० अचानक लागतील म्हणून हाताशी, अशी वाटणी मी सुचवेन. या आकड्यांना शास्त्राचा आधार नाही, आणि तुमच्या घराला ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. मात्र मदतीसमोर शून्य सोडून कोणताही आकडा असावा, याबाबत मी आग्रही आहे. ज्याला तीनशेच जमतात त्याने तीनशे लिहावेत. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी लोकवर्गणी जमवणाऱ्या पैसा फंडाची मोहीम हाती घेतली तेव्हा मागणे माणशी वर्षाला एका पैशाचे होते, आणि त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. आईवडिलांना दरमहा पाठवायचे पैसे मदतीच्या खात्यातून जाऊ नयेत. ते घरखर्चाचाच भाग आहेत, आणि तसे लिहिल्याने त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही नीट राहते. घरकामाला येणाऱ्या ताईंची भरपगारी रजा आणि दिवाळीचा एक महिन्याचा पगार हेही दान नसून त्यांचे हक्काचे देणे आहे. या दोन्ही गोष्टी मदतीत धरल्या की मदतीचा आकडा फुगतो आणि बाहेरच्या कोणापर्यंत काहीच पोचत नाही.

बचतीच्या १२,००० रुपयांना क्रम असावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर सर्वांत आधी ती फेडावी, कारण तिच्यावर महिन्याला तीन टक्के किंवा त्याहून अधिक व्याज लागते आणि त्या गतीने वाढणारी गुंतवणूक सामान्य माणसाला कुठेही मिळत नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी उभी करावी. वरच्या घराच्या बाबतीत नेहमीचे ३६,००० आणि वार्षिक खर्चांचे ७,००० मिळून महिन्याला ४३,००० या हिशेबाने ती २,५८,००० रुपये होते. ही रक्कम बँकेत मुदत ठेवीत किंवा बचत खात्यात असावी. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे, आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांना मात्र हे संरक्षण नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी अडीअडचणीचा सगळा पैसा पतसंस्थेत किंवा ओळखीच्या भिशीत ठेवू नये, एवढे मी प्रत्येकाला सांगते.

गंगाजळी झाली की दीर्घ पल्ल्याकडे वळावे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे (पीपीएफचे) खाते १५ वर्षांचे असते, त्यात वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, आणि व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर पूर्ण मुदतभर टिकला असे धरले, तर महिना ५,००० रुपयांप्रमाणे ९ लाख भरून हाती सुमारे पावणेसोळा लाख येतात. उरलेले पैसे निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने, घालता येतील, पण निदान दहा वर्षे त्यांना हात लावावा लागणार नाही याची खात्री असेल तरच. पगार वाढला की वाढीचा निम्मा भाग बचतीला, पाव भाग मदतीला आणि पाव भाग घराला द्यावा. वाढलेला पगार महिनाभर खर्चाच्या खात्यात राहिला की त्याची सवय लागते, म्हणून ही वाटणी पहिल्याच महिन्यात करावी.

आता मदतीकडे येते, कारण लोकांचा खरा गोंधळ इथे होतो.

मदतीसाठी स्वतंत्र बचत खाते उघडावे आणि पगार जमा होताच त्यात ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्यावी. या खात्याचा सर्वांत मोठा उपयोग नकार देताना होतो. कोणी पन्नास हजार मागितले आणि खात्यात अकरा हजार असतील, तर ‘या कामासाठी आमच्याकडे अकरा हजार आहेत, ते आज पाठवतो’ असे सांगता येते. त्यात खोटे काही नसते, नाते दुखावत नाही, आणि मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीला धक्काही लागत नाही. पती आणि पत्नी दोघांच्याही माहेरच्या-सासरच्या माणसांसाठी हे एकच खाते असावे. कोणाच्या बाजूला किती गेले यावरून होणारे वाद, दोघांनी मिळून आकडा ठरवला की बरेच शमतात.

नातेवाइकांना उसने देताना एकच कसोटी लावावी: ही रक्कम कधीच परत आली नाही, तरी आपण त्या माणसाकडे पूर्वीसारखे चहाला जाऊ शकू का? उत्तर होकारार्थी असेल तेवढेच द्यावे आणि मनातल्या मनात ते दिले असे समजावे. परत आले तर मदतीच्या खात्यातच जमा करावे. रक्कम मोठी असेल तर दोघांच्या सहीने साधा कागद करावा, आणि पैसे बँकेमार्फतच द्यावेत. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे उसने रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. ‘घरच्या माणसांत कागद कशाला’ असे म्हटले जाते खरे, पण किती दिले आणि किती फिटले याची आठवण दोन्ही बाजूंना वेगवेगळी राहते, आणि भांडण तिथूनच सुरू होते.

जामीन राहणे ही आपल्याकडे सर्वांत सहज केली जाणारी आणि सर्वांत महाग पडणारी मदत आहे. खिशातून एक रुपया जात नाही, फक्त सही करायची असते, त्यामुळे नाही म्हणवत नाही. मीही एका सहकाऱ्यासाठी एका पतसंस्थेत अशी सही केली होती. त्याने हप्ते थकवले, आणि एका महिन्यात माझ्या पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात ४,२०० रुपयांची नवी ओळ दिसली. ती पुढे अठरा महिने राहिली. त्या काळात माझी बचत थांबली, आणि ज्या मुलीची वसतिगृहाची फी मी भरत होते तिला अर्धे वर्ष दुसरीकडे हात पसरावे लागले; ही गोष्ट मला आजही बोचते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आधी कर्जदाराकडून सगळे वसूल करा, मगच माझ्याकडे या, असे जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. म्हणून ते पूर्ण कर्ज स्वतः फेडण्याची ऐपत आणि इच्छा असेल तरच सही करावी. नाही म्हणायचे असेल तर ‘कोणासाठीही जामीन राहायचे नाही असे आम्ही घरात ठरवले आहे’ हे वाक्य पुरेसे असते, कारण ते कोणा एका माणसाविरुद्ध जात नाही.

दवाखान्याच्या खर्चासाठी विचारणा झाली, तर पैशांच्या आधी माहिती द्यावी. कित्येकदा तीच मोठी मदत ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांमध्ये ठरावीक आजारांवर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, आणि तिथे बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन गेल्यास पात्रता समजते. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळवण्यासाठी रुग्णाच्या घरच्यांसोबत अर्धा दिवस उभे राहणे हे अनेकदा पाच हजार रुपयांपेक्षा मोलाचे असते. पैसे द्यायचेच असतील तर रुग्णाचा नोंदणी क्रमांक विचारून थेट रुग्णालयाच्या खात्यात भरावेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोखालच्या क्यूआर कोडवर, रुग्णालयात एक फोन करून खातरजमा केल्याशिवाय काहीही पाठवू नये.

संस्थांना देताना थोड्या संस्था निवडाव्यात आणि त्यांना वर्षानुवर्षे द्यावे. दरमहा निश्चित येणाऱ्या हजार रुपयांवर संस्था कोणाचा तरी पगार ठरवू शकते; एकदाच आलेल्या बारा हजारांवर ते जमत नाही. शक्य असल्यास एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे आणि वार्षिक हिशेब मागावा. प्राप्तिकरात देणगीची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही, आणि कपडे किंवा धान्य अशा वस्तुरूप देणगीलाही मिळत नाही. नव्या करपद्धतीत असणाऱ्यांनी या वजावटीचा विचार सोडून द्यावा आणि देणगी मात्र चालू ठेवावी.

गंगाजळी उभी होईपर्यंत किंवा नोकरीत अडचण असेल तेव्हा मदतीचा आकडा कमी करावा लागला, तर त्यात अपराधी वाटून घेऊ नये. त्या काळात दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या परीक्षेला लेखनिक म्हणून बसता येते, शेजारच्या आजोबांची पेन्शनची कामे करून देता येतात, आणि प्रकृती ठीक असेल तर पुरुषांना तीन व स्त्रियांना चार महिन्यांच्या अंतराने रक्तदान करता येते. वहीत हेही लिहावे.

मुलांना या हिशेबात बसवावे. आमच्याकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी कॅलेंडर, वही आणि तिन्ही खात्यांची पुस्तके जेवणाच्या टेबलावर येतात, आणि पुढच्या वर्षीचे आकडे सर्वांसमोर ठरतात. मागच्या वेळी मदतीच्या खात्यात ६,४०० रुपये शिल्लक होते, आणि ते कुठे द्यायचे याचा निर्णय आम्ही धाकट्यावर सोपवला होता. त्याने शाळेच्या शिपाईकाकांना विचारून वर्गातल्या दोन मुलांच्या दप्तरांची आणि बुटांची मापे आणली, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधी ती त्यांच्या घरी पोचतील अशी व्यवस्था केली. पिशवीवर आमचे नाव लिहायचे नाही, हेही त्यानेच ठरवले.