सुरतेला पहिल्यांदा माल विकायला जाताना

डाइज-केमिकलच्या, म्हणजे कापड रंगवायच्या रंग-रसायनांच्या, धंद्यात मार्केटिंगला नवीन लागलेल्या माणसाला कंपनी लवकरच सुरतेला पाठवते. त्याला इलाज नाही. पॉलिएस्टर साड्या आणि ड्रेस मटेरियलचं देशातलं सर्वांत मोठं केंद्र ते, गिऱ्हाईक तिथेच आहे. निघण्यापूर्वी ऑफिसमध्ये एक्सेलवर टूर प्लॅन बनतो: दहाला पांडेसऱ्याची मिल, साडेअकराला रिंग रोडचं कापड मार्केट, एकला सचिन जीआयडीसीतली (गुजरातची एमआयडीसी) मिल, चारला पलसाण्याची मिल. साहेब सही करतात आणि हा प्लॅन पहिल्याच दिवशी दुपारी कोसळतो. दोष तुमचा नसतो. सुरतेत मिलचं घड्याळ वेगळं आणि मार्केटचं वेगळं, आणि दोन्ही तुमच्या नऊ ते सहाशी जुळत नाहीत. ते समजून मग दिवस आखायचा.

प्रोसेस हाउस, म्हणजे कापड रंगवणारा कारखाना, बोलीभाषेत मिल, दिवसरात्र चालते. बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. तुमचा माल घ्यायचा की नाही हे सही करणारा शेठ ठरवतो असं वाटतं, पण खरा कौल डाइंग मास्टरचा, म्हणजे रंगाई सांभाळणाऱ्या माणसाचा. मास्टर सकाळी लवकर येतो, रात्रपाळीत बिघडलेल्या शेड (रंगछटा) बघतो, लॅबला झापतो आणि मग दिवसाचे लॉट (रंगवायच्या कापडाचे गठ्ठे) लावतो. त्या गडबडीत तुम्ही कॅटलॉग उघडलात तर तो चहा पाजून वाटेला लावेल. तासाभराने, लॉट मशिनवर चढल्यावर, तो बोलायला मोकळा असतो. शेठ त्यानंतर कधीतरी येतो आणि बऱ्याचदा आधी मार्केटमध्ये जातो. म्हणून सकाळ मिलसाठी, दुपार-संध्याकाळ मार्केटसाठी, आणि शेठची भेट जिथे जमेल तिथे, अशी साधी विभागणी ठेवा.

ट्रायल, म्हणजे मिलमध्ये तुमच्या मालाची चाचणी, असेल तर त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका. पॉलिएस्टर डिस्पर्स रंगांनी रंगवायचं म्हणजे बंद जेट मशिनमध्ये 130 अंशांपर्यंत तापवायचं, तिथे धरून ठेवायचं, मग सावकाश थंड करायचं. घाईने थंड केलं तर कापडावर कायमच्या घड्या पडतात. त्यानंतर गडद शेड असेल तर रिडक्शन क्लिअरिंग (कापडावर वरवर राहिलेला रंग काढणं), धुलाई, आणि तुकडा वाळून हातात आल्यावर मग शेडची चर्चा. अर्धा दिवस सहज जातो. नवीन मंडळी मशीन सुरू झालं की ‘दोन तासांत येतो’ म्हणून पुढच्या मिलकडे पळतात. नेमक्या त्या दोन तासांत ऑपरेटर डोसिंगची (मशिनमध्ये रंग-केमिकल सोडायची) वेळ बदलतो, पीएच तपासला जात नाही, आणि शेड हलली की खापर तुमच्या मालावर. मशिनशेजारी उभं राहा. ऑपरेटरशी बोला. पीएच पेपर स्वतःच्या खिशात ठेवा. आणि तुकडा बघायला शेठच्या केबिनमधल्या पिवळ्या दिव्याखाली नेऊ नका, लाइट बॉक्समध्ये किंवा सरळ बाहेर उजेडात न्या.

कपड्यांचं एक सांगतो. ट्रेनिंगमध्ये फॉर्मल घालायला शिकवतात, ते ठीक. पण मिलच्या आत वाफ, ओली फरशी आणि रंगाचे शिंतोडे. सुती, गडद रंगाचा शर्ट आणि न घसरणारे बंद बूट. पांढरा शर्ट घालून डाइंग खात्यात शिरणारा मार्केटिंगवाला बघून ऑपरेटर आधीच हसू दाबत असतात.

आता पोचायचं कसं. मुंबई सेंट्रलहून सुरत 263 किलोमीटर, विमानाचा विचारही करू नका. सकाळी लवकर सुटणारी वंदे भारत किंवा शताब्दी घेतली की मिलची सकाळची वेळ साधते. फ्लाइंग राणी संध्याकाळी मुंबईहून निघते, मुक्कामाला जायचं असेल तर ती चांगली. खानदेशातल्यांना मात्र मुंबईचा वळसा नको. जळगाव, अमळनेर, नंदुरबारवरून ताप्ती व्हॅली लाइन थेट सुरतेलगतच्या उधन्याला उतरवते, आणि वाटेत नवापूरचं स्टेशन लागतं, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट काढताना सुरत लिहिलंय की उधना, हे नीट वाचा. सुरत स्टेशनच्या पुनर्विकासामुळे बऱ्याच गाड्या उधन्याला हलवल्या गेल्या. पांडेसरा-सचिनला काम असेल तर उधनाच सोयीचं, रिंग रोडला असेल तर सुरत.

पुण्या-नाशकाहून खासगी बसने जाणाऱ्यांनी तर बुकिंग करतानाच ‘गावात सोडणार की हायवेला?’ असं विचारून घ्यावं. हायवे शहरातून जात नाही. कडोदरा किंवा कामरेजला पहाटे चारला बॅग घेऊन उतरलात की पुढे पंधरा-वीस किलोमीटर रिक्षावाल्याच्या मर्जीवर. (पलसाण्याच्या मिलमध्येच काम असेल तर मात्र कडोदऱ्यासारखं ठिकाण नाही.)

हॉटेल कुठे घ्यायचं, याचं उत्तर कामावरून ठरतं. डुमस रोडला, पिपलोदला हॉटेलं छान आहेत, पण सकाळी तिथून सचिनला जायचं आणि संध्याकाळी रिंग रोडला, म्हणजे दिवसाचे कितीतरी तास रिक्षात. मेट्रोच्या कामाने रस्ते जागोजागी वळवलेले असतात, ते वेगळंच. स्टेशन ते उधना दरवाजा या पट्ट्यात साधं, स्वच्छ हॉटेल बघा.

रिंग रोडचं मार्केट बाहेरून इमारतींची रांग दिसते. आत गेल्यावर कळतं की एकेका इमारतीत शेकडो दुकानं आहेत. मार्केटचं नाव, विंग, मजला, दुकान नंबर, चारही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय निघू नका. फक्त फर्मच्या नावावर शोधायला गेलात तर एकाच देवाच्या नावाच्या पाच फर्म भेटतील. दुकानं अकराच्या सुमारास खऱ्या अर्थाने जागी होतात. जेवणानंतरचा तास-दीड तास गप्पांसाठी उत्तम. संध्याकाळी पार्सलं बांधून ट्रान्सपोर्टला निघाली की लिफ्ट, जिने, रस्ता सगळं गाठोड्यांचं. त्या वेळी कोणी तुमच्याकडे बघणार नाही, आणि त्यात गैर काही नाही, त्यांच्या दिवसाची कमाई गाडीत चढत असते.

माणसांबद्दल थोडं. मार्केटमध्ये राजस्थानी, सिंधी, पंजाबी व्यापारी खूप. लूमवाले, म्हणजे यंत्रमागांचे मालक, बरेचसे मूळचे सुरती किंवा पटेल. लूम चालवणारे हात ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले, मिलमध्ये उत्तर प्रदेश-बिहारचे. हिंदी सगळीकडे चालते. पुरुषांना नावापुढे भाई, बायकांना बेन. मारवाडी शेठला ‘जी’ लावा. सुरती माणूस मित्राशी बोलताना शिव्या अगदी स्वल्पविरामासारख्या वापरतो, दचकू नका, आणि कितीही मोकळं वाटलं तरी पहिल्या वर्षात तशाच परत देऊ नका.

मराठी तर भरपूर ऐकू येईल. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारहून गेलेली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, अहिराणी सर्रास चालते. तिथून निवडून जाणारे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. मिलमधला स्टोअरकीपर किंवा लॅब असिस्टंट गाववाला निघाला तर आनंदच, पण त्याच्याकडून स्पर्धकाचा भाव काढून घ्यायचा मोह टाळा. त्याची नोकरी जाते.

आणि हो, मराठी आडनाव ऐकलं की एखादा शेठ हसत म्हणणारच, ‘तुम्ही लोकांनी दोनदा लुटलंत आम्हाला, आता रेट कमी करा.’ 1664 आणि 1670. तिथे इतिहासाचा तास घेऊ नका. हसून ‘म्हणून तर या वेळी माल घेऊन आलोय’ म्हणा आणि सॅम्पल काढा.

भावापेक्षा जास्त घोळ उधारीच्या बोलण्यात होतो. तिथे ‘धारा’ म्हणजे पैसे किती दिवसांनी द्यायचे त्याची रीत, आणि ‘वटाव’ म्हणजे त्यातून कापायची सूट. भाव ठरला, हात मिळवला, उठताना शेठ सहज म्हणतो, ‘वटाव तर नेहमीचाच ना?’ तुम्ही मान हलवली की संपलं. दिवस, वटाव, व्याज, तिन्ही गोष्टी भावाआधी बोला आणि परत हॉटेलवर आल्यावर त्याच रात्री व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तुमची कंपनी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून उद्यम नोंदणीत (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर 1961च्या प्राप्तिकर कायद्यातल्या 43बी(एच) कलमाने एक आधार मिळाला. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. त्या मुदतीत न दिलेल्या पैशांची वजावट गिऱ्हाइकाला ते देईपर्यंत मिळत नाही. 1 एप्रिल 2024पासून हे लागू झालं तेव्हा सुरतेच्या मार्केटमध्ये मोठा गोंधळ उडाला होता. हे कलम पहिल्या भेटीत तोंडावर फेकायचं नसतं. पण करारावर 45 दिवस लिहून घ्यायला लाजूही नका.

खाण्याची चिंता नको. सकाळी लोचो किंवा खमण, थंडीत पोंक (ज्वारीचा हुरडा), दुपारी शेठबरोबर डबा. गिऱ्हाईक जैन असेल तर जेवायला कुठे जायचं ते त्यालाच ठरवू द्या. दारूबंदी आहे, ती कागदावरची समजू नका. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला रीतसर परमिट मिळतं. नवापूरहून किंवा दमणहून बॅगेत बाटली नेणं हा गुन्हाच.

तारखा बघून जा. दिवाळीला मार्केट बंद होतं ते लाभपंचमीपर्यंत उघडत नाही, आणि गावी गेलेले कामगार त्यानंतरही हळूहळू परततात, त्यामुळे मिल पूर्ण भरात यायला आणखी वेळ. 14 आणि 15 जानेवारीला सगळी सुरत गच्चीवर पतंग उडवत असते. जोराच्या पावसात लिंबायत, पर्वत पाटिया भागात खाडीचं पाणी चढतं, त्या दिवशी आधी फोन करूनच निघा.

परतल्यावर खर्चाचं बिल टाकताना एक गोष्ट. रेल्वे-विमानाचं तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी नंबर घाला, भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. सुरतेच्या हॉटेलचं तसं नाही. ते गुजरातचा कर लावतात, आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून मुक्कामाच्या बजेटमध्ये कर धरूनच खोली बघा. अकाउंट्सवाले मर्यादेवरचे दोनशे रुपयेही सोडत नाहीत.