टीएसएच कमी आला? थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी या चुका टाळा

‘माझं थायरॉइड वाढलंय’ असं दोघं म्हणतात आणि दोघांचे आजार एकमेकांच्या अगदी उलट निघतात. एकाच्या रिपोर्टवर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) ९ असतो, म्हणजे ग्रंथी मंदावलेली. दुसऱ्याचा ०.०१ असतो, आणि बहुधा जास्त काम करणारी ग्रंथी त्याची असते. टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून येतो. रक्तात टी३-टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स जास्त झाली की पिट्युटरी हात आखडता घेते आणि टीएसएच घसरतो. म्हणून डॉक्टरांना फोनवर ‘वाढलंय’ न सांगता आकडा, एकक आणि लॅबची नॉर्मल मर्यादा वाचून दाखवा. फ्री टी४ (प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं टी४) कुठे नॅनोग्रॅममध्ये छापतात, कुठे पिकोमोलमध्ये. १.३ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि १७ पिकोमोल प्रति लिटर ही जवळपास एकच पातळी आहे.

नुसत्या टीएसएचवर निदान करू नका

टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४. त्याखाली गेला तर फ्री टी४ आणि टी३ दोन्ही हवेत. टी३ वगळणं ही फार घडणारी चूक आहे. काहींचं टी४ नॉर्मल असतं आणि फक्त टी३ चढलेलं असतं. पॅकेजमधल्या तपासणीत बहुतेकदा ‘टोटल’ टी३-टी४ असतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे हार्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे टोटल आकडा आजार नसतानाही जास्त दिसतो. शिवाय पहिल्या तिमाहीत टीएसएच आपसूकच खाली येतो.

टीएसएच थोडासाच कमी आणि टी३-टी४ नॉर्मल असेल, तर घाईने गोळी नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मात्र वय ६५च्या वर आणि टीएसएच ०.१च्या खाली असेल तर थांबू नका. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका तिथे खरा असतो.

केसांची गोळी आणि खोटा रिपोर्ट

थायरॉइड जास्त असेल तरी केस गळतात, आणि केस गळतात म्हणून लोक बायोटिन घेतात. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत मात्र ५ ते १० मिलिग्रॅम. अनेक लॅबच्या तपासणी पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातलं जादा बायोटिन तिथे गोंधळ घालतं. टीएसएच खोटा कमी आणि टी३-टी४ खोटं जास्त येतं, म्हणजे हुबेहूब आजाराचं चित्र. तपासणीआधी निदान २ दिवस ही गोळी बंद ठेवा. अश्वगंधाही डॉक्टरांना जरूर सांगा. तिच्यामुळे हार्मोन वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

मंद थायरॉइडसाठीची थायरॉक्सिनची गोळी आधीपासून चालू असेल, तर टीएसएच कमी येण्याचं पहिलं संशयित कारण डोस जास्त होणं हेच. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घ्या. आधी घेतली तर काही तास फ्री टी४ चढलेलं दिसतं. या तपासणीला उपाशीपोटी जावंच लागतं असं नाही, पण टीएसएच दिवसभरात खालीवर होतो. वेळ आणि लॅब दर वेळी तीच ठेवा.

लक्षणं

भूक चांगली असून वजन घटणं, हात थरथरणं, उकाडा सहन न होणं, वारंवार शौचाला जावं लागणं, पाळी कमी होणं ही ठळक लक्षणं. उकिडवं बसून उठताना मांड्यांत जोर नसणं, याकडे मात्र दुर्लक्ष होतं. भूक फारच वाढली तर काहींचं वजन उलट चढतं. नाडी मोजताना ५ मिनिटं शांत बसा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. चिंतेमुळे धडधड होत असेल तर तळहात बहुधा थंड असतात आणि झोपेत नाडी उतरते. थायरॉइडमध्ये तळहात गरम, ओलसर असतात आणि झोपेतही नाडी जलदच राहते. वयस्कांमध्ये बऱ्याचदा थरथर, घाम काहीच नसतं. नुसता थकवा, उतरलेलं वजन आणि अनियमित नाडी, एवढंच.

कारण शोधल्याशिवाय कार्बिमाझोल नको

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कार्बिमाझोल नवीन हार्मोन बनणं थांबवतं. पण विषाणूसंसर्गानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षात ग्रंथीला सूज येते, तेव्हा साठवलेलं हार्मोन नुसतं गळत असतं. तिथे या गोळीचा उपयोग शून्य. त्रास बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरतो आणि मागोमाग टीएसएच उलट वाढूही शकतो. ग्रंथीला जास्त काम करायला लावणारा ग्रेव्हज आजार की सूज, हे टीआरएबी या रक्ततपासणीने किंवा टेक्निशियम स्कॅनने बऱ्याच अंशी कळतं. गरोदर असाल तर हा स्कॅन करायचा नाही, बाळाला पाजत असाल तर आधी सांगायचं. अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह येण्याने हा फरक ठरत नाही. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल मिळतं, पण दमा असेल तर ते लिहून घेण्याआधीच सांगा.

उपचार सुरू झाल्यावर टीएसएच कित्येक महिने दबलेलाच राहू शकतो. तो पाहून डोस वाढवला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. सुरुवातीला दर ४ ते ६ आठवड्यांनी फ्री टी४ आणि टी३ पाहून डोस ठरतो. आणि कार्बिमाझोल चालू असताना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर ‘व्हायरल असेल’ म्हणून बसू नका. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. पांढऱ्या पेशी एकदम घसरणं हा या गोळीचा क्वचित दिसणारा, पण जिवावर बेतणारा परिणाम आहे.