परसात कोणतं झाड लावावं? आधी जुलै पाहा, मग मे

मिरग लागला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं येतात. आपण जातो भाजीला आणि परततो ते गुलाब, सीताफळ आणि नाव न विचारलेलं काहीतरी गुलाबी फुलांचं घेऊन. चतुर्थीपर्यंत त्यातलं अर्धं कुजतं, उरलेलं एप्रिलात करपतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांतच. जानेवारी ते मे जवळपास कोरडे. या दोन्ही टोकांना टिकेल तेच झाड आपलं.

१. पाणी कुठे थांबतं ते बघा

जुलैत दोन दिवस संततधार लागली की छत्री घेऊन परसात एक फेरी मारा. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, कुठे डबकं साचतं, कुठून वाहून जातं, हे कागदावर काढून ठेवा. डबक्याच्या जागी अळू किंवा कर्दळ लावा. तुळस, मोगरा, मिरची तिथे जगणार नाहीत. काणकोणातली खोल्याची मिरची पावसाळ्यातच पिकते, पण डोंगरउतारावर, मुळाशी पाणी थांबत नाही म्हणून. आपल्याकडे उतार नसेल तर फूटभर उंच वाफा करायचा.

२. ऊन दोनदा मोजा

ही चूक मी स्वतः केली आहे. उत्तरेच्या भिंतीलगत डिसेंबरात दिवसभर सावली पाहिली आणि तिथे फर्नच्या कुंड्या मांडल्या. मे महिन्यात त्यांची पानं पापडासारखी झाली. कारण साधं आहे: मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य गोव्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत किंचित उत्तरेला असतो. म्हणून एक नोंद डिसेंबरात करा, एक मेमध्ये. पाच-सहा तास थेट ऊन मिळत असेल तर मोगरा, जास्वंद, मिरची. त्याहून कमी असेल तर अबोली, हळद, आलं.

३. माती

बहुतेक ठिकाणी खणलं की फूट-दीड फुटावर चिऱ्याचा दगड लागतो. ही जांभ्याची माती आम्लधर्मी असते. एक्झोरा या फुलझाडाला ती मानवते, पण तेच झाड चुन्याच्या गिलाव्याला चिकटून लावलं की पानं पिवळी पडतात. भिंतीपासून दोन-तीन फूट लांब ठेवा. खाडीकाठी, खाजनाजवळ (भरतीच्या खाऱ्या पाण्याच्या सखल शेतजमिनीजवळ) घर असेल तर खारं पाणी सोसणारा माड आधी आठवावा.

४. मोठं झाल्यावरचं झाड डोळ्यांसमोर आणा

बागेत माडांमध्ये साडेसात मीटर अंतर ठेवतात ते उगाच नाही. रोप हातभर असतं तेव्हा नळ्यांच्या (कौलांच्या) छपराचा विचार कुणी करत नाही. पंधरा वर्षांनी पहिला नारळ छपरावर पडतो, तेव्हा होतो. फणस, आंबा यांनाही सेप्टिक टँकपासून दूरच जागा द्या. जागा लहान असेल तर मोठ्या झाडाचा हट्ट सोडा. लिंबू, कढीलिंब, शेवगा पुरे. मात्र शेवगा छाटत राहायला हवा.

५. नर की मादी, हे आधी विचारा

कोकमाची, आपल्या भिरंडीची, गोष्ट वेगळीच. तिची नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात. बियांपासूनचं रोप फुलायला सात-आठ वर्षं जातात आणि तेव्हा कुठे कळतं की ते नर आहे. आमच्या शेजारच्या काकींनी असंच एक झाड आठ वर्षं वाढवलं. फुलं आली, फळ एकही नाही. ‘सावली देता म्हणान ठेवलां,’ असं म्हणतात त्या अजून. म्हणून फळ देणाऱ्या मादी झाडाचं कलमच घ्या. जायफळाचंही तसंच.

६. रोप पारखून घ्या

उंच रोपाला भुलू नका. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आली असतील तर ते बराच काळ तिथेच अडकलेलं असतं. कलमाचा सांधा मजबूत आणि मातीच्या वर दिसला पाहिजे. पानांच्या मागच्या बाजूला कापसासारखे ठिपके असतील तर ते पिठ्या ढेकूण समजा. ते रोप घरी आणलं की जास्वंद गेलीच.

७. लावायची वेळ

झाडं मिरगाचे एक-दोन पाऊस झाल्यावर. भेंडी, दोडका, काकडी पावसात चालतात. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, वांगं, टोमॅटो यांची घाई करू नका. पाऊस ओसरू द्या, चतुर्थी होऊन जाऊ द्या. आणि लहान मुलं असतील तर कण्हेर आणि डिफेनबॅकिया दोन्ही टाळा, विषारी आहेत.

आता पिशवी घेऊन शुक्रवारी बाजारात जायला हरकत नाही. कागद मात्र खिशात असू द्या.