रोजच्या वस्तूंमधले डिझाइन विद्यार्थ्यांना कसे दाखवावे

मुंबईतल्या महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना डिझाइनची ओळख करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. हे वर्ग भावी डिझायनरांचे नसतात. त्यांत वाणिज्य शाखेची मुले असतात, मानसशास्त्राच्या मुली असतात, आणि निवडीच्या विषयांपैकी एवढ्याच विषयात जागा शिल्लक होती म्हणून आलेलेही असतात. अशा वर्गांसाठी जी तयार टिपणे शिक्षकांमध्ये फिरत असतात, त्यांत पहिल्या तासाला नामांकित खुर्च्यांची छायाचित्रे, दुसऱ्या तासाला महागड्या फोनचा इतिहास आणि तिसऱ्या तासाला भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून नवकल्पना काढणे, असा क्रम ठरलेला असतो. मी तो स्वतः वापरून पाहिला आहे. त्याने वर्ग खूश होतो, पण कुणाला काही नवे दिसू लागत नाही. पुढे दिलेला क्रम सहा तासिका आणि एक दुपार एवढ्यात बसतो.

शब्दाबद्दल आधीच सांगतो. ‘अभिकल्प’ असे फळ्यावर लिहू नये. डिझाइन हाच शब्द वापरावा. तो ऐकून मुलांना मेंदी आणि साडीचा काठ आठवतो, तर आठवू द्यावा. काठामुळे साडी अंगावर नीट पडते आणि तिच्या कडेला मजबुती येते, एवढे सांगितले तरी नक्षी आणि काम यांचा संबंध त्यांच्या लक्षात येतो.

पहिल्या तासाला प्रत्येकाने आपल्या वयापेक्षा जुनी, विजेवर न चालणारी एक वस्तू घरून आणावी. तांब्या किंवा लोटा मात्र आणू देऊ नये. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याचे कौतुक केले, १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून प्रास्ताविकाच्या व्याख्यानांत लोटा काही सुटलेला नाही. आजच्या मुलांनी तो बहुधा पूजेतच पाहिलेला असतो. त्यापेक्षा विळी आणावी. सुरीने चिरताना पाते हलते आणि भाजी जागेवर राहते. विळीचे पाते जागेवर राहते, पाट पायाखाली दाबलेला असतो, आणि दोन्ही हात भाजी धरायला मोकळे राहतात. स्वयंपाक उभ्याने, ओट्यावर होऊ लागला तेव्हा हीच सोय अडचण ठरली. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकरही उत्तम. ते झाकण लंबगोल असल्यामुळेच तिरके करून आत घालता येते, आणि वाफच ते वर दाबून धरत असल्याने दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही.

दुसऱ्या तासाला मोजपट्टी आणि नोटा. मुलांच्या खिशात आता नोटा नसतात, म्हणून त्या शिक्षकाने न्याव्यात. शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब आहे, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रुंदी तिघींची ६६. जुन्या मालिकेतल्या शंभराची लांबी १५७ आणि पाचशेची १६७ होती (मध्ये दोनशेची नोट नव्हती), म्हणजे एका पायरीला दहा मिलिमीटरचा फरक होता, तो आता चारवर आला आहे. डोळे मिटून नोटा ओळखायला लावले की बहुतेकांची शंभर आणि दोनशे यांत गफलत होते. मग कडेच्या उठावदार तिरक्या रेघा बोटाने शोधायला लावाव्यात: शंभरावर चार, दोनशेवर चार रेघा आणि दोन वर्तुळे, पाचशेवर पाच. वीस रुपयांच्या नाण्याला बारा कडा का दिल्या असाव्यात, हे मग सांगावे लागत नाही. नोटेवरचे रुपयाचे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले आणि ते पवईच्या आयआयटीत डिझाइनचे संशोधन करणाऱ्या उदय कुमार यांनी काढले, हे सांगितल्यावर डिझाइन हे कुणीतरी बसून घेतलेले निर्णय असतात, ही गोष्ट वर्गाच्या गळी उतरते.

यानंतरचा टप्पा निरीक्षणाचा, आणि माझी पहिली दोन वर्षे याच टप्प्यावर वाया गेली. पहिल्या वर्षी मी मुलांना एका गर्दीच्या रेल्वे स्थानकावर पाठवले आणि ‘येथे काय सुधारता येईल?’ असा प्रश्न दिला. परत आलेल्या वह्यांत एकच मजकूर निरनिराळ्या अक्षरांत होता: बाके वाढवली पाहिजेत, फलक मोठे पाहिजेत, एक ॲप पाहिजे. मला मुले आळशी वाटली. वस्तुतः चूक माझ्या प्रश्नात होती. ज्याला सुधारणा विचारली जाते तो पाहत नाही. तो दोष शोधतो, आणि ठाऊक असलेले दोष घरी बसूनही लिहिता येतात. दुसऱ्या वर्षी मी उलट्या टोकाला गेलो आणि ‘फक्त पाहा’ असे सांगितले. त्या वर्षी वह्यांत कविता आल्या. धावणारे शहर, घामाची श्रीमंती, मुंबईचे स्पिरिट. ‘स्पिरिट’ हा शब्द त्या दिवसापासून माझ्या वर्गात बंद आहे.

तिसऱ्या वर्षी मी नियम केले, आणि आजवर त्यांत फारसा बदल केलेला नाही. जागा एकच, वेळ चाळीस मिनिटे, फोन पिशवीत, हातात वही आणि पेन. ‘पाहिजे’, ‘हवे’, ‘चांगले’, ‘वाईट’, ‘गैरसोय’ हे शब्द लिहायचे नाहीत. प्रत्येक वाक्यात एखादी वस्तू किंवा शरीराचा एखादा अवयव असला पाहिजे आणि त्याने काहीतरी केलेले असले पाहिजे. (‘पाहिजे’वरची बंदी विद्यार्थ्यांना आहे, मला नाही.) पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मुलांचे लिहून संपते आणि ती तुमच्याकडे पाहू लागतात. हीच खरी कसोटी, आणि ती शिक्षकाची आहे. मी या क्षणी हमखास जवळ जाऊन ‘ते बघ, तो माणूस कसा वाकतो’ असे दाखवत असे. त्यामुळे मुलांना माझ्या नजरेला पडलेले दिसे आणि स्वतःचे काही दिसत नसे. कृपा करून जाऊ नये. कंटाळा येऊ द्यावा. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास, दुसरे काही करण्यासारखे उरत नाही तेव्हा, पेन पुन्हा चालू लागते, आणि कामाची वाक्ये तेथून पुढची असतात.

जागा म्हणून मी धिम्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा डबा सुचवतो. वेळ दुपारची असावी. सकाळच्या गर्दीत निरीक्षण करायला लावणारा शिक्षक स्वतः लोकलने येत नसावा. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडी वेगळ्या डब्यात बसवावी, आणि कुणाचे छायाचित्र काढू नये, हे दोनदा बजावून सांगावे. एका वहीतली वाक्ये अशी होती: ‘बाकावर तिघे बसले आहेत. चौथा काही बोलत नाही, हाताने खूण करतो. खिडकीजवळचा माणूस भिंतीला टेकतो, मधला पिशवी मांडीवर घेतो. चौथा बाकाच्या कडेला एकाच मांडीवर टेकतो. त्याचे दोन्ही पाय वाटेत राहतात. उभ्या असलेल्या माणसाची पिशवी त्याच्या गुडघ्याला लागते, तो गुडघा आत घेतो.’ पहिल्या वर्षीच्या मुलांनी स्थानकावरच्या बाकांबद्दल ‘बाके वाढवली पाहिजेत’ एवढेच लिहिले होते.

ही वाक्ये वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत आणि मग एकच प्रश्न टाकावा: तिघांसाठी बनवलेल्या बाकावरची ही चौथी सीट कुणी डिझाइन केली? कारखान्याने नाही, रेल्वेने नाही. तरी तिचे नियम आहेत आणि ते सगळ्यांना पाठ आहेत. या वादाला पूर्ण तास द्यावा आणि शिक्षकाने त्यात पडू नये.

वाचन चालू असताना ‘कारण’ किंवा ‘त्यामुळे’ हे शब्द आले की थांबवावे. गुडघा आत घेतलेला दिसतो, संकोच वाटला म्हणून घेतला, हे दिसत नाही. मुले येथे चिडतात. चिडू द्यावे, पण पेन्सिलीने खोडायला लावावे. आणि याच सुमारास एखादे हितचिंतक सहकारी डिझाइन करण्याच्या पाच पायऱ्यांचा तक्ता घेऊन पाहुणे म्हणून यायला उत्सुक असतात. त्यांना सत्र संपल्यानंतरची तारीख द्यावी.

पुढचे सोपे आहे. लोकांशी बोलताना ‘तुम्हाला काय अडचण आहे?’ असे विचारू नये, ‘हे कसे करता ते दाखवाल का?’ असे विचारावे. डबेवाल्यांकडे वर्ग घेऊन जाऊ नये. ते वेळेशी बांधलेले असतात, आणि त्यांच्या कार्यक्षमतेची गोष्ट ऐकून टाळ्या वाजतात, डब्यावरच्या खुणा मात्र कुणी वाचत नाही. एका झाकणाचे चित्र फळ्यावर काढावे आणि रंग, अक्षरे व आकडे यांतून कोणते स्थानक, कोणती इमारत, कोणता मजला हे कसे कळत असेल, ते मुलांनाच जुळवू द्यावे. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, एवढी माहिती त्यांना पुरते.

शेवटच्या तासाआधी ‘पाहिजे’वरची बंदी उठवावी. प्रत्येकाला एकच ‘पाहिजे’ मिळते: घरातल्या एका वस्तूत पन्नास रुपयांच्या आत एक बदल करायचा, तो स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्या कुणासाठी, आणि त्याचे पुढे काय होते ते आठवडाभर त्याच नियमांनी लिहायचे. गुण वहीला द्यावेत, बदलाला नाही. एका मुलीने आजीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या औषधाच्या बाटल्यांपैकी एकीला रबर बँड लावला होता. तिच्या वहीतली तिसऱ्या दिवसाची नोंद होती: ‘आजीने रबर काढला आणि दुधाच्या पिशवीला लावला. रात्रीची बाटली तिने उचलून खिडकीत ठेवली.’ तिला मी पूर्ण गुण दिले.