इंटररेगचा पैसा, सीमेपलीकडचा भागीदार: या चुका टाळा

युरोपियन युनियनमधल्या दोन शेजारी देशांतल्या नगरपालिका, विद्यापीठे किंवा संस्था सीमाभागासाठी मिळून काही करतात, तेव्हा त्याचा पैसा बहुतेकदा इंटररेगमधून येतो. १९९० साली सुरू झालेल्या या योजनेचा २०२१ ते २०२७ हा सहावा कालखंड. तिथल्या एखाद्या विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत काम करताना अशा प्रकल्पाची फाइल पहिल्यांदाच तुमच्या टेबलावर येऊन पडली असेल, तर पुढचे वाचा.

या प्रकल्पांत होणाऱ्या चुका वरवर वेगवेगळ्या दिसतात. कुठे टेंडर चुकते, कुठे पगाराचा हिशोब, कुठे नुसता फलक लावायचा राहतो. पण मुळाशी गेले की एकच वाक्य ऐकू येते: "आमच्याकडे असंच चालतं." सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक ते म्हणतात आणि दोघांनाही वाटते की समोरच्याकडेही तसेच चालत असणार.

नियम चुकीच्या पुस्तकात शोधणे

नवा माणूस आधी आपल्या देशाच्या वित्त खात्याची परिपत्रके उघडतो. इथे क्रम उलटा आहे. सर्वांत वर युरोपियन युनियनचे कायदे: इंटररेगसाठीचा २०२१/१०५९ आणि युनियनच्या अनेक निधींना सामाईकपणे लागू असलेला २०२१/१०६०. त्याखाली तुमच्या सीमाभागाच्या इंटररेग कार्यक्रमाच्या देखरेख समितीने, म्हणजे मॉनिटरिंग कमिटीने, ठरवलेले नियम. ते सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच लागू. कोणता खर्च धरायचा याबद्दल हे दोन्ही जिथे गप्प असतील, तिथेच खर्च ज्या देशात झाला त्या देशाचा नियम येतो. कामगार कायदा, कर आणि सरकारी खरेदीचे कायदे मात्र आपापल्या देशाचेच राहतात.

त्यामुळे कार्यक्रमाची पुस्तिका तुमच्या खात्याच्या परिपत्रकापेक्षा वरची. हे लेखा विभागाला पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा. तोंडी सांगितलेले लेखा विभागात टिकत नाही.

दोन प्रकल्प एका फाइलमध्ये घालणे

अर्ज नामंजूर होण्याचे हे जुने कारण. अलीकडचा भागीदार आपल्या बाजूला सायकल मार्ग करणार, पलीकडचा त्याच्या बाजूला माहिती केंद्र उभारणार आणि दोघांच्या मध्ये एक संयुक्त उद्घाटन. याला सहकार्य म्हणत नाहीत. कायद्यानुसार आखणी आणि अंमलबजावणी एकत्र हवीच. शिवाय मनुष्यबळ किंवा पैसा यांपैकी निदान एक गोष्ट सामाईक हवी. भागीदार किमान दोन देशांतले हवेत आणि त्यांतला एक तरी सदस्य देशातला.

स्वतःला विचारण्याचा प्रश्न सोपा आहे: पलीकडचा भागीदार उद्या निघून गेला, तर तुमचे काम अडेल का? अडत नसेल तर परीक्षकांना ते अर्जातूनच दिसते.

उलट बाजूचे उदाहरण स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पुइगसेर्दा गावातले सेर्दान्या रुग्णालय. ते २०१४ साली सुरू झाले. डोंगरातल्या या खोऱ्यात दोन्ही बाजूंची वस्ती विरळ असल्याने प्रत्येक देशाने वेगळे रुग्णालय बांधण्यात अर्थ नव्हता. बांधकामाचा मोठा भार युरोपियन प्रादेशिक विकास निधीने उचलला. चालवण्याचा खर्च स्पेनमधला कॅटलोनिया प्रदेश आणि फ्रान्स यांनी ६०:४० असा वाटून घेतला. सगळ्यांना इमारत दिसते. मला हा ६०:४० चा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बांधकामाला निधी मिळाल्यावर पुढची वीस वर्षे डॉक्टरांचा पगार कोण देणार, हा प्रश्न बरेच अर्ज "शाश्वतता" या रकान्यात दोन गोड वाक्यांत गुंडाळून टाकतात.

मंजुरीपत्र म्हणजे पैसा समजणे

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इंटररेगमध्ये आधी तुम्ही खर्च करता, मग तो तपासला जातो आणि मग प्रतिपूर्ती होते. काही कार्यक्रम थोडी आगाऊ रक्कम देतात, पण त्यावर विसंबून नियोजन करू नये.

समजा, जानेवारीत एका कर्मचाऱ्याचा पगार दिला. बऱ्याच कार्यक्रमांत अहवाल सहा महिन्यांचा असतो, म्हणजे हिशोब जून संपल्यावर जाणार. तुमच्या देशाच्या कंट्रोलरला, म्हणजे खर्च तपासणाऱ्याला, कागद हाती आल्यापासून तपासणीसाठी तीन महिने आहेत. मग लीड पार्टनर, म्हणजे प्रकल्पाची प्रमुख भागीदार संस्था, सगळ्यांचे तपासणीचे दाखले गोळा करून एकत्र मागणी पाठवते आणि त्यानंतर कार्यक्रम चालवणाऱ्या व्यवस्थापन प्राधिकरणाला पैसे देण्यासाठी ८० दिवस. कोणी काहीही चुकले नाही तरी जानेवारीतला युरो डिसेंबरच्या आसपास परत येतो. मधल्या काळात पदरमोड आहे. मोठ्या विद्यापीठाला ते जाणवत नाही. चार माणसांच्या संस्थेचे नाकी नऊ येतात.

त्यावर स्वहिस्सा वेगळा. कार्यक्रमाच्या पातळीवर युनियनचा वाटा साधारणपणे ८० टक्क्यांपर्यंत असतो. आधीच्या कालखंडात हीच मर्यादा ८५ होती आणि जुन्या प्रकल्पाचे बजेट नक्कल करून नवा अर्ज करणारे नेमके इथेच अडकतात. उरलेले २० टक्के कोण, कधी, कोणत्या खात्यातून देणार, याचे पत्र अर्जाआधी हातात घ्या.

एक भागीदार मागे पडला की सगळ्यांचे पैसे अडतात, ही तक्रारही कायमची आहे. एखाद्या भागीदाराचा दाखला वेळेत आला नाही, तर त्याचा खर्च पुढच्या अहवालात ढकलून बाकीच्यांची मागणी पाठवायची, असे कलम भागीदारी करारातच असावे. नंतर ते सुचवले तर मैत्रीत खटका येतो.

फ्लॅट रेटचा अर्धाच अर्थ घेणे

खर्चाचे सहा वर्ग आहेत: कर्मचारी, कार्यालय व प्रशासन, प्रवास व निवास, बाहेरचे तज्ज्ञ व सेवा, उपकरणे, पायाभूत कामे. यांपैकी काहींवर सरसकट टक्केवारी, म्हणजे फ्लॅट रेट, लावता येते. कर्मचारी खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत कार्यालयासाठी, १५ टक्क्यांपर्यंत प्रवासासाठी. किंवा कर्मचारी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत एकच रक्कम, ज्यात बाकीचे सगळे आले. एकूण खर्च २ लाख युरोपेक्षा जास्त नसलेल्या प्रकल्पांना अशा सरलीकृत पद्धती वापरणे बंधनकारक आहे. उद्योगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या नियमात बसणारे प्रकल्प तेवढे अपवाद.

बिले ठेवायला नकोत, हा अर्धा अर्थ सगळ्यांना कळतो. उरलेला अर्धा महाग पडतो.

फ्लॅट रेटमध्ये आलेली गोष्ट दुसरीकडे दाखवता येत नाही. हिशोबनीसाचे शुल्क, साफसफाई, फोन, बँकेचे आकार, अगदी सीमेपलीकडे पैसे पाठवण्याचा आकारसुद्धा कार्यालयीन खर्चात मोडतो. यातले काही "बाहेरची सेवा" म्हणून लावले की एकाच खर्चाचा पैसा दोनदा घेतला असे होते, आणि ऑडिटर तेच शोधत असतो. व्याख्यात्याचा किंवा बाहेरच्या तज्ज्ञाचा प्रवास मात्र प्रवासाच्या वर्गात येत नाही, तो बाहेरच्या सेवेत जातो. आणि ४० टक्के निवडल्यावर वेगळा प्रवास खर्च मागायचा नाही. अर्ज भरताना एकाने आणि अहवाल भरताना दुसऱ्याने काम केले की हे हमखास होते.

शिवाय सगळी टक्केवारी पगारावर उभी आहे. पगारात १०,००० युरोंची चूक निघाली आणि १५ अधिक १५ अशी रचना असेल, तर जातात १३,०००. ४० टक्क्यांची असेल तर १४,०००. म्हणून काळजी घ्यायचीच, तर ती पगाराच्या कागदांची घ्या.

अर्धवेळ कर्मचाऱ्यासाठी आता महिन्याच्या वेळेचा ठरावीक टक्का लावता येतो आणि मग टाइमशीट लागत नाही. पण तो टक्का लिहून मालक संस्थेने त्या कर्मचाऱ्याला पत्र दिलेले असले पाहिजे. काम सुरू झाल्यावर वर्षभराने मागच्या तारखेचे पत्र तयार करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की ऑडिटर फाइलची तयार झाल्याची तारीख बघतो. तोच माणूस तीन प्रकल्पांत मिळून १२० टक्के काम करताना सापडणे, हीसुद्धा दुर्मीळ गोष्ट नाही. तासाच्या दराची पद्धत घेतली असेल, तर वार्षिक खर्चाला १,७२० ने भागायचे. मग त्या माणसाचे वर्षाचे १,७२० पेक्षा जास्त तास मागता येत नाहीत.

खरेदी: ओळखीचा पुरवठादार

मर्यादेखालच्या खरेदीला टेंडर लागत नाही, हे खरे. पण ती मर्यादा प्रत्येक देशात वेगळी आहे आणि तिच्याखालीही तीन दरपत्रके किंवा तशीच काही तुलना कार्यक्रम मागू शकतो. खासगी संस्था "आम्ही सरकारी नाही" म्हणून मोकळ्या सुटतात आणि नंतर पुस्तिकेतले पान दाखवले की गप्प होतात. काम मर्यादेखाली बसावे म्हणून त्याचे तुकडे पाडणे तर सरळ उघडे पडते. खरेदीतल्या दोषांसाठी युरोपियन कमिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत ५, १०, २५ आणि १०० टक्के अशा कपातीच्या पायऱ्या आहेत. शंभर टक्के म्हणजे त्या कंत्राटाचा सगळा पैसा गेला.

एका भागीदाराने दुसऱ्या भागीदाराला सेवेचे बिल लावायचे नाही. बाहेरची सेवा म्हणजे भागीदारांच्या बाहेरची. पलीकडच्या विद्यापीठाकडे चांगली प्रयोगशाळा असेल, तर ते काम अर्जातच त्यांच्या बजेटमध्ये टाका.

युरो नसलेल्या देशातला हिशोब

पोलंड, चेकिया, हंगेरी, स्वीडन, डेन्मार्क. इथला भागीदार बिलाच्या दिवशीचा बँकेचा दर लावतो आणि कंट्रोलर सगळा तक्ता परत पाठवतो. दर लागतो तो कमिशनचा मासिक लेखा दर, आणि तोही ज्या महिन्यात खर्च तपासणीसाठी सादर केला त्या महिन्याचा. दरातल्या चढउताराने झालेले नुकसान कोणी भरून देत नाही. दंड, कोर्टकचेरीचा खर्च आणि ५० युरोंवरची भेटवस्तूही नाही. ५० पर्यंतचीसुद्धा प्रसिद्धीशी संबंधित असेल तरच.

कंपन्यांना फुकट सेवा

छोट्या उद्योगांना मोफत प्रशिक्षण दिले तर ती त्या उद्योगांना दिलेली सरकारी मदत ठरू शकते, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. इंटररेगसाठी यात एक सोपी वाट आहे: एका प्रकल्पात एका उद्योगाला २२,००० युरोंपर्यंतची मदत ठरावीक अटींवर आधी कमिशनला न कळवता देता येते. फक्त कोणाला किती मूल्याची सेवा दिली, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर शंभर कंपन्यांना फोन करत बसावे लागते.

फलक आणि पोस्टर

यात विचार करण्यासारखे फार नाही, तरी पैसे जातात. वेबसाइटवर निधीचा उल्लेख, दर्शनी जागी किमान ए-थ्री आकाराचे पोस्टर, एक लाख युरोंवरच्या बांधकाम किंवा उपकरणांच्या प्रकल्पाला टिकाऊ फलक. हे केले नाही आणि सांगूनही दुरुस्त केले नाही, तर त्या भागीदाराच्या मदतीतले २ टक्क्यांपर्यंत कापले जातात. फोटो काढून तारखेसह फाइलला लावा.

चूक झालीच तर

चूक अहवाल जाण्याआधी सापडली, तर खर्च काढून टाका आणि कंट्रोलरच्या कानावर घाला. दाखला मिळाल्यानंतर सापडली, तर लीड पार्टनरमार्फत कार्यक्रमाच्या संयुक्त सचिवालयाला लेखी कळवा. ती रक्कम बहुधा पुढच्या मागणीतून वळती होते. ऑडिटची तारीख ठरल्यावर आठवलेली चूक मात्र ऑडिटचा निष्कर्ष म्हणूनच नोंदली जाते.

वसुलीची साखळी समजून घेण्यासारखी आहे. व्यवस्थापन प्राधिकरण पैसे मागते लीड पार्टनरकडे, चूक कोणाचीही असो. लीड पार्टनर ते त्या भागीदाराकडून घेतो. त्याला ते जमले नाही, तर तो भागीदार ज्या देशात आहे तो देश प्राधिकरणाला भरपाई करतो आणि मग आपल्या त्या संस्थेच्या मागे लागतो. युनियनच्या वाट्यातली, व्याज न धरता, २५० युरोंपर्यंतची रक्कम वसूल न करण्याची मुभा आहे. लीड पार्टनरने भागीदारांच्या रकमेतून स्वतःचे शुल्क म्हणून काही कापून ठेवायचे नसते, हेही इथेच सांगायला हवे. कायदा ते स्पष्ट नाकारतो.

या साखळीमुळे भागीदारी करारात तीन गोष्टी नेमक्या शब्दांत हव्यात: वसुलीची नोटीस आल्यावर किती दिवसांत पैसे द्यायचे, वाद कोणत्या देशाच्या कायद्याने सुटणार आणि संस्था बंद पडली तर कागद कोणाकडे जाणार. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते. पण शेवटचा हप्ता ज्या वर्षी मिळाला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून पाच वर्षे कागद दाखवता आले पाहिजेत आणि तोवर प्रकल्पासाठी घेतलेला तो कंत्राटी व्यवस्थापक, ज्याच्या लॅपटॉपवर सगळे होते, कधीच दुसरीकडे गेलेला असतो. सामाईक सर्व्हरवर फोल्डर कोणाच्या नावाचे असेल, हे पहिल्याच बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.