कापसाच्या गाठीचा माग कसा ठेवायचा

दिवाळीनंतर जिनिंगवाल्यानं (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यानं) माझ्यापुढे चार पानांचा फॉर्म ठेवला. कापूस कोणत्या गावचा, कोणी वेचला, आणि चीनच्या झिंजियांगचा मिसळला नाही असं लिहून द्या. शेजारची काकू म्हणाली, "मारेगावच्या कापसाचं अन् चीनचं काय देनंघेनं वो?"

देणंघेणं आहे. उइघुर म्हणजे झिंजियांगमधला मुस्लिम समाज; त्यांच्याकडून जबरीनं काम करून घेतात असा आरोप आहे. म्हणून अमेरिकेचा उइघुर सक्तमजुरीविरोधी कायदा २१ जून २०२२ पासून लागू झाला. झिंजियांगचा कापूस ज्यात आहे तो माल सक्तमजुरीचाच, असं तिथं धरूनच चालतात. तसं नाही, हे आयातदारानं सिद्ध करायचं. मग तो कपडेवाल्याला कागद मागतो, कपडेवाला सूतगिरणीला, गिरणी जिनिंगला. शेवटी फॉर्म येतो आपल्या शेतकरी गटाच्या वहीपाशी.

सगळं काट्यावर ठरतं. गाडी काट्यावर असतानाच पावतीवर शेतकऱ्याचं नाव, शेताचा गट नंबर, गाडी नंबर, वजन लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहू नये. मी एकदा लिहिलं. दोन गाड्या एकाच गंजीत गेल्या होत्या, कोणाचा कापूस कोणता ते मला सांगता येईना, आणि अख्खा लॉट साध्या भावात गेला. घरी आठ दिवस बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग गाठींचा मेळ. एका गाठीत १७० किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस; तेवढ्याला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. वहीत ५० क्विंटल आणि गाठी १५, असं दिसलं की तपासणारा तिथंच बोट ठेवतो. वरच्या पाच गाठी आल्या कुठून?

वेचाईची वही वेगळी ठेवा: नाव, किलो, दर, दिलेले पैसे, अंगठा. शाळेतली पोरं वेचायला आणूच नका.

अमेरिकेच्या कनवाळूपणावर माझा फार भरवसा नाही. चीनला व्यापारसवलत देताना मानवी हक्क पाहायची अट १९९४ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीच काढून टाकली होती. पण उझबेकिस्तानात सरकार मास्तर, नर्स यांना कापूस वेचायला धाडायचं. ३०० वर ब्रँडांनी तो कापूस नाकारला, सक्ती हटली, तेव्हा मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. म्हणून मी कुरकुरत का होईना, फॉर्म भरते.

आणि गंजीवरची लॉटची पाटी खडूनं लिहू नका, पहाटेच्या दवानं पुसते. ऑइल पेंट घ्या.